पॅट समिट : एका क्रीडागुरूचीं अडतीस वर्षें

इ. स. १९७४ च्या डिसेंबर महिन्याच्या ७ तारखेस अमेरिकेंतील टेनेसी विद्यापीठाच्या मुलींचा बास्केटबॉलचा एक सामना झाला. तो पाहण्यास अवघीं ५३ माणसें जमलीं होतीं. मर्सर विद्यापीठाच्या मुलींचे ८४ गुण झाले, टेनेसीच्या मुलींचे ८३ झाले, आणि एका गुणानें टेनेसीचा संघ हरला. हरलेल्या संघाची शिक्षिका २२ वर्षांची होती. तिच्या हाताखालील चार मुली तिच्याहून केवळ एका वर्षानें लहान होत्या. शिक्षिका या नात्यानें तिचा हा पहिलाच सामना. त्या दिवशीं घरीं परततांना त्या ५३ जणांपैकीं कोणासहि आपण एका मोठ्या कारकीर्दीचा आरंभ पाहून आलों असें वाटलें नसेल.

त्या तरुणीचें नांव पॅट हेड. पुढें १९८० सालीं विवाह झाल्यावर ती पॅट समिट या नांवानें जगाला माहीत झाली. तिनें त्याच विद्यापीठांत लागोपाठ ३८ वर्षें एकाच संघाला शिकविलें. त्या अवधींत १,०९८ सामने जिंकले, २०८ हरले आणि आठ वेळां राष्ट्राचें अजिंक्यपद मिळविलें. ज्या वर्षीं विजयांहून पराभव अधिक झाले असें एकहि वर्ष त्या ३८ वर्षांत नाहीं.

एकदां जिंकणें हें नशिबाचेंहि असूं शकेल. परंतु अडतीस वर्षें जिंकत राहणें हें नशिबाचें नव्हे. शिवाय कॉलेजांतील क्रीडाशिक्षकाची अडचण निराळीच असते. धंदेवाईक संघांतला चांगला खेळाडू दहा-बारा वर्षें टिकतो. कॉलेजांतली मुलगी चार वर्षांत पदवी घेऊन निघून जाते. पीक तयार झालें कीं तें दुसऱ्याच्या खळ्यावर जावें आणि आपण पुन्हां नांगर धरावा, असा हा व्यवसाय आहे. अशा व्यवसायांत सातत्य येतें कोठून? हा प्रश्न केवळ खेळाचा नाहीं. जेथें जेथें शिकविणें आहे तेथें तेथें तो आहे.

या प्रश्नाचें उत्तर शोधण्यापूर्वीं थोडें मागें गेलें पाहिजे. बास्केटबॉल हा खेळ १८९१ च्या डिसेंबरांत मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील स्प्रिंगफील्ड गांवीं जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें काढला. पीच नांवाच्या फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाला टांगून त्याच्या विद्यार्थ्यांनीं तो प्रथम खेळला. दुसऱ्याच वर्षीं जवळच्या नॉर्थॅम्प्टन गांवांतील स्मिथ कॉलेजांत सेंडा बेरेन्सन या बाईंनीं तो मुलींस शिकविण्यास घेतला. त्या काळीं स्त्रियांनीं धांवणें व धापा टाकणें शिष्टसंमत नव्हतें. म्हणून बाईंनीं मैदानाचे तीन भाग केले, प्रत्येकीनें आपल्याच भागांत राहावें असा नियम घातला आणि चेंडू हिसकावून घेण्यास बंदी केली. २२ मार्च १८९३ रोजीं त्या कॉलेजांत मुलींचा सामना झाला तेव्हां पुरुषांस आंत येण्यास मज्जाव होता. बाईंचा हेतु चांगला होता. या बंधनांच्या आडोशानेंच तो खेळ मुलींच्या कॉलेजांतून झपाट्यानें पसरला. परंतु एका पिढीची सवलत ही दुसऱ्या पिढीची बेडी होते, असा अनुभव इतिहासांत वारंवार येतो. तसेंच येथेंहि झालें.

मिसिसिपी संस्थानांत डेल्टा स्टेट नांवाचें कॉलेज आहे. तेथें १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत मार्गारेट वेड ही विद्यार्थिनी मोठ्या हौसेनें बास्केटबॉल खेळत असे. हा खेळ तरुण स्त्रियांस झेपण्यासारखा नाहीं असें ठरवून कॉलेजानें मुलींचा संघच मोडून टाकला. त्या मुलींनीं दुःखानें व संतापानें आपले खेळाचे पोषाख जाळले. पुढें चाळीस वर्षांनीं, १९७३ सालीं, त्याच कॉलेजानें मुलींचा संघ पुन्हां उभारला व शिक्षिका म्हणून त्याच मार्गारेट वेड यांना बोलाविलें. त्या वेळीं त्यांचें वय साठ वर्षांचें होतें. १९७५, १९७६ व १९७७ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्यांच्या मुलींनीं राष्ट्राचें अजिंक्यपद मिळविलें. जळलेल्या पोषाखांना याहून चांगलें उत्तर देतां आलें नसतें!

त्यांच्या आधींचीं तीन अजिंक्यपदें, १९७२ ते १९७४ पर्यंतचीं, फिलाडेल्फिया शहराजवळील इमॅक्युलाटा या लहानशा कॅथॉलिक कॉलेजानें मिळविलीं होतीं. तेथील शिक्षिका कॅथी रश. संस्थेजवळ पैसा नव्हता. पण उत्साह एवढा, कीं कॉलेजांतील जोगिणी सामन्याच्या वेळीं बादल्या बडवून आपल्या मुलींस चेतवीत असत. मात्र हीं दोन्ही लहान कॉलेजें फार काळ शिखरावर राहिलीं नाहींत. त्याचें कारण एका कायद्यांत आहे. २३ जून १९७२ रोजीं अमेरिकेंत शिक्षणविषयक एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें स्त्री-पुरुष असा भेद करतां कामा नये, असें त्याच्या नवव्या कलमांत सांगितलें होतें. त्यामुळें मोठमोठ्या विद्यापीठांना मुलींच्या खेळासाठींहि हळूहळू पैसा व शिष्यवृत्त्या काढाव्या लागल्या, आणि लहान कॉलेजें मागें पडलीं. १९८२ सालीं पुरुषांचे सामने चालविणाऱ्या बलाढ्य मंडळानें मुलींची स्पर्धाहि आपल्या हातीं घेतली. स्त्रियांनीं स्वतः चालविलेली जुनी संघटना बंद पडली. या सर्व उलथापालथींतून जे थोडे शिक्षक टिकले त्यांत समिटबाईंचें नांव पहिल्या ओळींत आहे.

बाईंचा जन्म १४ जून १९५२ रोजीं टेनेसी संस्थानांतील क्लार्क्सव्हिल येथें झाला. घर शेतकऱ्याचें, तिघे वडील भाऊ व एक धाकटी बहीण. गाईंचें दूध काढावें, तंबाखूच्या शेतांत राबावें, गवत भरावें आणि संध्याकाळीं कोठाराच्या माळ्यावर भावांबरोबर बास्केटबॉल खेळावा, असा तिचा दिनक्रम होता. भावांनीं बहीण म्हणून तिला कधीं सूट दिली नाहीं. वडील, रिचर्ड हेड, अबोल व करडे होते. मुलीचें कौतुक त्यांच्या तोंडून क्वचितच निघे. परंतु गांवच्या शाळेंत मुलींचा संघ नाहीं असें दिसतांच या माणसानें आपलें बिऱ्हाड उचलून शेजारच्या कौंटींत नेलें. कारण तेथील शाळेंत मुलींना खेळावयास मिळत होतें. ज्याला गोड बोलतां येत नाहीं त्याला माया करतां येत नाहीं असें थोडेंच आहे? याच वडिलांनीं मुलीस प्रथम मिठी मारली तेव्हां ती ४३ वर्षांची होती.

भावांना खेळाच्या बळावर कॉलेजची शिष्यवृत्ति मिळाली होती. पॅटला ती मिळाली नाहीं. मुलींना शिष्यवृत्ति देण्याची चालच तेव्हां नव्हती, म्हणून आईबापांनीं पदरचा पैसा भरून तिला मार्टिन येथील कॉलेजांत धाडलें. १९७४ सालीं पदवी घेऊन ती नॉक्सव्हिलच्या मुख्य विद्यापीठांत पुढील अभ्यासासाठीं व मदतनीस म्हणून गेली. तोंच आधींच्या शिक्षिकेनें काम सोडलें आणि सर्व भार या २२ वर्षांच्या मुलीवर आला. पगार महिना २५० डॉलर. संघाची मोटार तिनेंच हांकावयाची, खेळाचे कपडे तिनेंच धुवावयाचे. ते कपडेहि आदल्या वर्षीं मुलींनीं डोनट नांवाचें गोड पक्वान्न विकून जमविलेल्या पैशांतून घेतलेले होते. त्याच सुमारास तिच्या गुडघ्याला जबर इजा झाली होती. ती सोसून, आपला अभ्यास व शिकविणें सांभाळून, ती १९७६ सालीं माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्यें अमेरिकेकडून खेळली. स्त्रियांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्यें त्याच वर्षीं प्रथम आला. अमेरिकेला रौप्यपदक मिळालें, आणि संघाच्या दोन कर्णधारांपैकीं एक ती होती.

आतां मूळ प्रश्नाकडे वळावें. सातत्याचीं तीन सोपीं उत्तरें लोक देतात. पैसा हें पहिलें उत्तर, निवडक खेळाडू हें दुसरें आणि कडक शिस्त हें तिसरें. तिन्हींत थोडथोडें तथ्य आहे, परंतु तिन्ही अपुरीं आहेत.

पैशाचें पाहावें तर आरंभीं तो नव्हताच. पुढें तो आला, मोठें क्रीडागृह आलें. २००६ च्या जानेवारींत टेनेसीच्या मुलींचा एक सामना पाहण्यास २४,००० हून अधिक लोक आले होते. पहिल्या सामन्याचे ५३ प्रेक्षक आणि हे २४,००० यांमधील अंतर बाईंच्या परिश्रमानें भरून निघालें होतें. परंतु बाई निवृत्त झाल्यावरहि तें क्रीडागृह, तो पैसा व तो लौकिक विद्यापीठाजवळ होताच. तरीहि राष्ट्रीय स्पर्धेंतील अखेरच्या चार संघांत टेनेसीचा संघ २००८ नंतर २०२५ पर्यंत एकदांहि पोंचला नाहीं. पैशानें मैदान बांधतां येतें, परंपरा टिकवितां येत नाहीं.

निवडक खेळाडूंचें उत्तर घ्यावें, तर पहिल्या अजिंक्यपदापूर्वीं बाईंचे संघ सात वेळां अखेरच्या चार संघांत पोंचले आणि सातहि वेळां रित्या हातीं परतले. त्यांना उत्तम संघ बांधतां येतो, पण जिंकतां येत नाहीं, अशी कुजबूज होऊं लागली. आठव्या खेपेस, १९८७ सालीं, त्यांनीं लुइझियाना टेक या बलाढ्य संघाचा ६७ विरुद्ध ४४ गुणांनीं पराभव केला. उलटपक्षीं १९९६-९७ सालीं त्यांचा संघ दहा सामने हरला होता. जाणत्यांनीं त्याला मोडीत काढलें होतें. तरी त्या वर्षीं अजिंक्यपद त्यांनाच मिळालें! आणि पुढच्याच वर्षीं ३९ सामने खेळून ३९ हि जिंकले. नुसत्या निवडीनें असें होत नाहीं. दहा पराभवांतून कांहीं शिकतां येतें यावर शिक्षिकेचा विश्वास असावा लागतो, आणि तो मुलींच्याहि अंगीं उतरावा लागतो.

राहिलें तिसरें उत्तर, कडक शिस्तीचें. शिस्त होती यांत संशय नाहीं. बाईंची नुसती नजर वळली कीं अंगावर कांटा उभा राही, असें त्यांच्या विद्यार्थिनी सांगत. मैदानावर बचाव आणि टोपलीवरून परत उसळलेला चेंडू हस्तगत करणें, या दोन गोष्टींवर त्यांचा सर्वांत अधिक भर असे. हीं कामें दिमाखाचीं नाहींत. टोपलींत चेंडू टाकणारीला टाळ्या मिळतात. उसळलेल्या चेंडूसाठीं कोपरांचे दणके खाणारीकडे कोणी पाहत नाहीं. परंतु हात एखाद्या दिवशीं बिघडतो आणि नेम चुकतो. मेहनत मात्र रोज करतां येते. ज्या गोष्टी दैवाच्या हातीं आहेत त्यांवर न विसंबतां ज्या आपल्या हातीं आहेत त्यांवर संघ उभारावा, हें त्यांच्या सातत्याचें एक मोठें रहस्य होय.

त्यांच्या वर्गाच्या शिस्तीकडे तर प्रत्येक शिक्षकाचें लक्ष जावें. खेळणाऱ्या मुलीनें वर्गांत पहिल्या तीन ओळींतच बसावें, आणि सबळ कारणावांचून तास चुकविणारीनें पुढील सामना खेळूं नये, असा नियम होता. तो नवख्या मुलीस जसा, तसाच संघाच्या मुकुटमण्यासहि. त्याचें फळ असें, कीं जिनें जिनें आपली खेळाचीं वर्षें टेनेसींत पूर्ण केलीं तिनें तिनें पदवी मिळविली. हजार विजयांच्या आंकड्यापुढें हा आंकडा वर्तमानपत्रांत लहान अक्षरांत छापला जाई. परंतु खरें पाहतां मोठ्या अक्षरांत छापावयाचा आंकडा हाच होता. शेतावर राबणाऱ्या बापानें पदरमोड करून मुलीला शिकविलें होतें. त्या शिक्षणाचें मोल त्या मुलीला ठाऊक होतें.

तरीहि नुसती शिस्त म्हणजे समिटबाई नव्हेत. करडे शिक्षक जगांत पुष्कळ झाले व होतात. त्यांचे विद्यार्थी त्यांना भितात आणि सुटल्यावर त्यांचें नांवहि काढीत नाहींत. बाईंच्या मुली त्यांना 'पॅट' असें एकेरी नांवानेंच हांक मारीत. तशी त्यांनींच मुभा दिली होती. पदवी घेऊन गेलेल्या मुली वर्षानुवर्षें त्यांच्या घरीं येत जात. याचें कारण, मुलगी खेळांत काय करते एवढेंच न पाहतां ती आहे कोण, हें जाणून घेण्याची त्यांची खटपट.

टमिका कॅचिंग्स या मुलीची गोष्ट या बाबतींत फार बोलकी आहे. तिला जन्मापासून ऐकूं कमी येई. लहानपणीं मुलें चिडवीत म्हणून तिनें कानाचें यंत्र टाकून दिलें आणि दुसऱ्यांच्या ओठांवरून शब्द ओळखून ती वेळ निभावून नेई. मैदानावरील तिच्या पराक्रमामुळें तें व्यंग झांकून जात होतें. दुसरा एखादा शिक्षक तेवढ्यावर संतुष्ट झाला असता. समिटबाईंनीं मात्र तिला जवळ बसवून समजाविलें, आणि तिनें पुन्हां कानाचें यंत्र लावावें व चारचौघांत मोकळेपणानें बोलावें यासाठीं तिला तयार केलें. तीच मुलगी पुढें ऑलिंपिकचीं चार सुवर्णपदकें घेऊन आली. परंतु पदकें आलीं नसतीं तरी बाईंचें काम झालेंच होतें.

आणखी एक गुण सांगावयाचा राहिला, तो म्हणजे बदलण्याची तयारी. स्वभावानें कठोर माणसें बहुधा आपल्या रीतीलाहि चिकटून बसतात. समिटबाई नियमांना चिकटल्या, रीतींना नाहीं. १९८५ सालीं त्यांनीं मिकी डिमॉस या मदतनीस बाईंना आणलें व आपलीच जुनी विद्यार्थिनी हॉली वॉर्लिक हिला जोडीस घेतलें. दोघींनाहि त्यांनीं खरा अधिकार दिला. पहिलें अजिंक्यपद त्यानंतर दोनच वर्षांनीं आलें, हा केवळ योगायोग म्हणतां येणार नाहीं. १९९७-९८ च्या संघांत विजेसारख्या चपळ मुली आल्या, तेव्हां आपला जुना संथ डाव बाजूला ठेवून त्यांनीं मुलींना मोकळें धांवूं दिलें. २००९ सालीं राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरींत त्यांचा संघ बॉल स्टेट या विद्यापीठाकडून हरला. असें त्यापूर्वीं कधीं झालें नव्हतें. त्याच वर्षीं त्यांनीं आपला हजारावा विजय मिळविला होता. हजार विजयांच्या धन्याला पहिल्या फेरीचा पराभव गिळणें किती कठीण! पण नव्या संघाला घेऊन त्या पुन्हां कामास लागल्या.

बाईंना तुल्यबळ प्रतिस्पर्धीहि मिळाला. कनेक्टिकट विद्यापीठाचे जीनो ऑरिएमा हे इटलींत जन्मलेले गृहस्थ सात वर्षांचे असतांना अमेरिकेंत आले. १९८५ पासून त्यांनीं शिकविलेल्या संघांनीं २०२५ पर्यंत बारा अजिंक्यपदें मिळविलीं. १६ जानेवारी १९९५ रोजीं या दोन विद्यापीठांची प्रथम गांठ पडली व कनेक्टिकटची सरशी झाली. दोघांचे स्वभाव भिन्न, बोलणें भिन्न, आणि दोघांत पुढें वितुष्टहि आलें. तथापि दोघांत एक साम्य आहे : एकाच विद्यापीठांत आयुष्य घालविणें, आणि आपल्या सर्वांत चांगल्या खेळाडूला सर्वांत अधिक बोलणें. जिच्या अंगीं अधिक आहे तिच्याकडून अधिक मागावें, हा न्याय दोघांनींहि पाळला.

२०११ च्या ऑगस्ट महिन्यांत समिटबाईंनीं स्वतः जाहीर केलें कीं आपणांस स्मृतिभ्रंशाचा रोग जडला आहे. वय ५९ वर्षें. ज्या बुद्धीनें शेंकडों डाव मांडले होते तीच आतां हातांतून निसटूं लागली. त्यांनीं दुखणें लपविलें नाहीं, आणि एक वर्ष मदतनिसांच्या आधारानें कामहि केलें. मुलींना त्या आजवर जें शिकवीत आल्या तें आतां स्वतः करून दाखविण्याची वेळ आली होती. त्यांचा अखेरचा सामना २०१२ च्या मार्च महिन्यांत झाला, आणि त्यांत त्यांचा संघ बेलर विद्यापीठाकडून हरला. बेलरच्या शिक्षिका किम मुल्की या १९८४ सालच्या ऑलिंपिकमध्यें समिटबाईंच्याच शिकवणीखालीं खेळून सुवर्णपदक घेऊन आल्या होत्या. बेलरनें त्या वर्षीं चाळीसपैकीं चाळीस सामने जिंकले. टेनेसीच्या ३९ विजयांच्याहि पुढें मजल गेली. शिष्याकडून आपला पराभव व्हावा अशी इच्छा गुरूनें धरावी, असें आपल्याकडील जुनें वचन सांगतें. समिटबाईंच्या कानीं तें कधीं पडलें असेल असें नाहीं. परंतु त्याचा अर्थ त्यांच्या अखेरच्या सामन्यांत उतरला.

२०१२ च्या एप्रिलांत त्या निवृत्त झाल्या आणि त्यांची जागा त्यांची विद्यार्थिनी हॉली वॉर्लिक हिनें घेतली. २८ जून २०१६ रोजीं, वयाच्या ६४ व्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. अखेरीस आपले १,०९८ विजय त्यांना आठवत होते कीं नाहीं हें विचारण्यांत अर्थ नाहीं. ते आठवणाऱ्या मुली देशभर पसरल्या होत्या. कोणी शिक्षिका, कोणी आया, कोणी स्वतः संघ चालविणाऱ्या. आणि त्यांच्या हाताखालीं नव्या मुली पहिल्या तीन ओळींत बसूं लागल्या होत्या. गुरूची स्मृति गेली तरी शिष्यांची राहते. अडतीस वर्षांचें सातत्य म्हणतात तें याहून निराळें काय असणार?